दोन मुठी पावडर

आमच्या भागात पाणी पाजणं हे मोठं पुण्य मानतात. चैत्र लागला की वेशीत कडुलिंबाखाली रांजण मांडायचा, त्याला ओलं पोतं गुंडाळायचं, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं. वाटेनं जाणारा कुणीही असो, पाणी पिऊन, तोंडावरून ओला हात फिरवून, ‘भलं होऊ द्या’ म्हणत पुढं जायचा. नंतर कुणी आपल्या वडलांच्या नावानं पाणपोई बांधली, तिच्यावर पाटी बसली. रांजण कुणी दिला, पाणपोई कुणी बांधली हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. तो रांजण आतून कोण घासतं, तळाचं शेवाळ कोण काढतं, हे मात्र कुणी विचारत नसे. पाणी पाजणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. पाणी चांगलं ठेवणाऱ्याचं कुठंच लागत नाही.

मी एके काळी आमच्या गावात पाणी चांगलं ठेवायच्या कामावर होतो. ते काम मी केलं नाही. पन्नास वर्षं होत आली, तरी त्या गोष्टीचा हिशोब मला लागत नाही. म्हणून तो इथं मांडून बघतो.

आमचं गाव बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराच्या पायथ्याला. १९७२ च्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. खडी फोडली, नालाबंडिंगवर माती वाहिली, सुकडी खाल्ली. त्या साली विहिरी खडखडीत झाल्या आणि सरकारनं गावोगाव बोअर पाडायला घेतले. मारुतीच्या देवळापुढं यंत्र लागलं, दोन दिवस धूळ उडाली, तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. नारळ फुटला, हापसा बसला. बिडाचा हापसा, एखाद्या घराच्या परसात शोभावा असा. त्यावर सारं गाव तुटून पडलं. रात्री-अपरात्रीसुद्धा दांड्याची करकर ऐकू यायची. वर्ष-दीड वर्षात आतलं वायसर झिजलं. वायसर म्हणजे चामड्याची एवढीशी वाटी. पण ती बदलायची तर जमिनीतले सगळे पाईप एकामागून एक वर ओढायला लागत, आणि त्याला तालुक्याहून माणसं यायला हवीत. ती आली नाहीत. पुढं आमच्याच जिल्ह्याच्या नावाच्या ‘सोलापूर पंपा’वरून ‘इंडिया मार्क २’ हा दणकट हापसा तयार झाला, तो जगभर गेला. ‘मार्क ३’मध्ये तर पाईप न उपसता वायसर वर काढता येऊ लागलं. पण ते सगळं नंतर. १९७६ साली आमचा हापसा दांडा वर करून मुका उभा होता आणि गाव पुन्हा जुन्या विहिरीवर आलं होतं.

त्याच वर्षी मी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागलो. दवंडी द्यायची, दिवाबत्ती करायची, घरपट्टीच्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि विहिरीत टीसीएल पावडर टाकायची. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पावडरीचं काम मला नीट शिकवलं. विहिरीचा घेर मोजायचा, पाण्याची खोली मोजायची. आमची विहीर पाच मीटर रुंद, पावसाळ्यात चार मीटर पाणी. म्हणजे साधारण साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सगळ्या विहिरीला दोनशे ग्रॅमच्या आत. हाताच्या मापानं म्हणाल तर दोन-अडीच मुठी. ती तशीच फेकायची नाही. शंभर-शंभर ग्रॅम दोन बादल्यांत घ्यायची, थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग बादली भरून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्यायची. खाली चुना बसतो, तो टाकून द्यायचा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची, ती बादली दोरानं विहिरीत पाण्याच्या खाली सोडायची आणि खालवर हलवत फिरवायची, म्हणजे औषध सगळीकडं मिसळतं. नंतर तासभर कुणी पाणी भरायचं नाही. शेवटी रजिस्टरात तारीख, विहिरींची संख्या, ‘पावडर टाकली’ आणि सही.

दोन-अडीच मुठी पावडर, दोन बादल्या आणि तास-दीड तासाची मेहनत. गावाच्या पाण्यासाठी याहून स्वस्त काही असेल असं मला वाटत नाही.

पहिले दीड महिने मी ते इमानानं केलं. आणि गाव माझ्यावर उखडलं.

‘पाण्याला दवाखान्याचा वास येतुय,’ बायका म्हणायच्या. ‘च्या फाटतुय. डाळ शिजंना.’ आमची थोरली आई तर मला बघितलं की घागर उलटी करून दाखवायची. एवढ्यावर भागलं असतं. पण ते वर्ष आणीबाणीचं होतं. नसबंदीच्या गाड्या फिरत होत्या. सरकारी नोकरांना माणसं आणून देण्याची सक्ती होती; सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळात मंजूर झालं, तेही त्याच साली. जीपचा आवाज आला की गडी उसात शिरायचे. अशात कुणीतरी उठवलं, की विहिरीत टाकत्यात ती पावडर त्याचीच हाय. ती प्याली की लेकरं व्हायची बंद. झालं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर दहा-बारा जण उभे. शेजारच्या सुताराच्या घरची वहिनी पुढं झाली. मला ती भावजी म्हणायची, तिच्या घरचा मी हक्कानं जेवलेला. ती म्हणाली, ‘भावजी, तुमच्या पाया पडते. नका घालू ती पावडर. माझी एकच पोर हाय, आजून लेकरू हवंय मला.’

मी बादली तशीच माघारी नेली.

भाऊसाहेबांना सांगायला हवं होतं. पण त्यांच्यावरच वरून ‘केसेस’चा दट्ट्या होता, सांगितलं तर पोलीस घेऊन येतील, अशी भीती वाटली. आणि नोकरी जाईल, हीसुद्धा. मग मी तिसराच रस्ता काढला. रोज सकाळी पावडर मोजून घ्यायचो, ओढ्याच्या वाटेवर बाभळीखाली एका खड्ड्यात ओतायचो आणि रजिस्टरात लिहायचो : विहिरी दोन, पावडर टाकली. खाली झोकात सही. गाव खूश, भाऊसाहेब खूश. बाभळीखालचं गवत तेवढं जळून पांढरं पडलं.

आषाढात मोठा पाऊस झाला. ओढ्याकाठची गोदरी, गावाबाहेरचे उकिरडे, सगळं धुऊन पाणी खाली आलं आणि विहिरीच्या फुटक्या कठड्यावरून आत गेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत आमच्या आळीत दोघं गेली. एक म्हातारे गृहस्थ, आणि सुताराची पोर. साडेचार वर्षांची. मला दादा म्हणायची.

ती कशी गेली ते सांगायला हवं. जुलाब होत असताना पाणी दिलं की जुलाब वाढतात, अशी समजूत होती. म्हणून तिला पाणी तोडलं होतं. ती पाणी मागत होती आणि सगळे मायेनं ‘नको बाळ, नको’ म्हणत होते. पाणी पाजणं हे पुण्य मानणाऱ्या गावात ती पोर पाणी पाणी करत गेली. त्याच्या पाचच वर्षं आधी, १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत पटकीची साथ आली होती. सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पिपांतून रोग्यांना पाजायला लावलं. नातेवाइकांनी ते पेल्यापेल्यानं पाजलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीस होतं ते चाराच्या खाली आलं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं आमच्या घरोघरी करता आलं असतं. ते ज्ञान आमच्यापर्यंत आलं नव्हतं. त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. पावडर मात्र आली होती. ती माझ्या हातात होती.

आता हिशोब.

वर्षानुवर्षं मी स्वतःच्या बाजूनं वकिली केली. पहिला मुद्दा असा, की पावडर टाकली असती तर ती वाचली असती, हे कशावरून? तिनं ओढ्याचं पाणी प्यालेलं असेल. शिळं काही खाल्लेलं असेल. एवढं गढूळ पाणी आत आल्यावर दोन मुठी पावडर पुरली असती का? हा मुद्दा खोटा नाही, आणि म्हणूनच तो वाईट आहे. तो मला पूर्ण सोडत नाही आणि पूर्ण धरतही नाही. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. १८५४ साली त्या भागात पटकी आली. पंपाच्या पाण्यातून ती पसरते हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरच्या मृत्यूंवरून ताडलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून घेतला गेला. साथ थांबली. पण ती तोवर ओसरूच लागली होती, त्यामुळं दांडा काढल्यानं किती वाचले हे खुद्द स्नो यांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. पाणी चांगलं ठेवण्याच्या कामाची ही रीतच आहे. वाचलेला माणूस ‘मी वाचलो’ म्हणून कधी येत नाही, कारण आपण वाचलो हे त्यालाच माहीत नसतं. आणि ज्याच्या आळसानं कुणी मेलं, त्यालाही शेवटपर्यंत ‘कशावरून?’ म्हणायची सोय राहते.

दुसरा मुद्दा असा. आमच्या शेजारच्या गावात माझ्यासारखाच एक शिपाई होता. त्यानंही त्या वर्षी पावडर उकिरड्यात ओतली, तसंच खोटं रजिस्टर भरलं. त्याच्या गावात काही झालं नाही. तो पुढं ती गोष्ट हसत हसत सांगायचा, आम्हीही हसायचो. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? त्याच्या विहिरीचा कठडा शाबूत होता, एवढाच. मग पाप सहीत आहे की मरणात? सहीत असेल तर आम्ही दोघं सारखे. मरणात असेल तर ते पावसाचं आणि फुटक्या कठड्याचं पाप, माझं नव्हे. डोकं म्हणतं, पाप सहीतच आहे. पण रात्री मला रजिस्टर दिसत नाही, ती पोर दिसते. आणि खरं सांगायचं तर ती गेली नसती, तर मीही ती गोष्ट आजवर हसत हसतच सांगत राहिलो असतो.

तिसरा मुद्दा सगळ्यांत अवघड. लोकांनीच नको म्हटलं होतं. पाणी त्यांचं, विहीर त्यांची. सरकार माणसांच्या अंगाला हात घालत होतं, त्या काळात त्यांनी भ्यावं यात वेडेपणा काय होता? मग त्यांच्या मनाविरुद्ध, रात्री गुपचूप जाऊन पावडर टाकायला हवी होती का? मला तेही पटत नाही. दुसऱ्याच्या पाण्यात त्याला नकळत औषध कालवायचं, भल्यासाठी का होईना, हे त्या जीपवाल्यांच्याच पंगतीला बसणं झालं.

पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की मी प्रश्नच चुकीचा मांडत होतो. टाकावी की टाकू नये, हे दोनच रस्ते नव्हते. चावडीपुढं उभं राहून सांगता आलं असतं : ‘तुम्ही भ्यालाय म्हणून मी आजपासून पावडर टाकत न्हाई. पण हे पाणी आता नुसतं हाय. उकळून प्या. कठडा बांधून घेऊ या.’ किंवा सगळ्यांदेखत पहिला तांब्या मी स्वतः प्यालो असतो. मला तेव्हा लग्न करायचं होतं, पोरंबाळं हवी होती, हे गावाला ठाऊक होतं. माझं पिणं त्यांनी बघितलं असतं. ते न करता मी गावालाही दुखवलं नाही आणि साहेबालाही. दोघांनाही खूश ठेवलं आणि पाण्याला मात्र वाऱ्यावर सोडलं. भाऊसाहेब समजत होते पाणी शुद्ध आहे. लोक समजत होते पावडर बंद झालीय, म्हणजे बला टळली. पाणी कसं आहे हे एकट्या मलाच माहीत होतं आणि मी गप्प होतो.

इथं मला आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. वर मी लिहून गेलो, की रांजणावर ‘वाटेनं जाणारा कुणीही’ पाणी प्यायचा. ते खरं नाही. बौद्धवाड्यातली माणसं हात लांब धरून ओंजळ करायची, आणि कुणी वरून ओतलं तर प्यायची. रजिस्टरात मी रोज ‘विहिरी दोन’ लिहायचो. दुसरी विहीर त्यांची, ओढ्याच्या अगदी काठाला, आमच्यापेक्षा उथळ. त्या विहिरीत मी इमानाच्या दीड महिन्यांतही एकदासुद्धा पावडर टाकली नव्हती. तिकडं जायचं नसतं, एवढंच डोक्यात होतं. पहिल्या विहिरीचं खोटं लिहिताना माझा हात थोडा तरी थांबायचा. दुसरीचं लिहिताना कधी थांबला नाही. त्या पावसात बौद्धवाड्यातलीही दोघं गेली. हे मला तब्बल वर्षानं कळलं, तेसुद्धा बोलण्याच्या ओघात. वरती मी ‘आमच्या आळीत दोघं गेली’ असं लिहिलं, त्याच जुन्या सवयीनं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याआधीच ते तळं नगरपालिकेनं कागदावर सगळ्यांना खुलं केलेलं होतं. कागदावरचं पाणी आणि ओंजळीतलं पाणी यात किती अंतर असतं, ते माझ्या रजिस्टरानंही दाखवलं.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली, शिकलो, मास्तर झालो. गावापासून लांब बदली मागून घेतली.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दोन दिवसांत आम्ही काही शिक्षक भाकरी आणि कपडे घेऊन ट्रकनं तिकडं गेलो. दगड-मातीची घरं माणसांवर बसली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली. साऱ्या महाराष्ट्रातून माणुसकीचा पूर आला होता. भाकरीचे ढीग, कपड्यांचे ढीग, रस्त्याकडेला साड्या चिखलात पडलेल्या. देणाऱ्यांचे फलक ट्रकांवर लागलेले. पण शौचाला जायला जागा कुणी आणली नव्हती. पूर्वी बाया पहाटे अंधारात आडोशाला जायच्या. आता आडोसे पडलेले, सगळीकडं परके गडी आणि दिवे. कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, जावं लागू नये म्हणून. आम्ही आधी चर खणले. पोत्यांचा आणि पत्र्याचा आडोसा केला, चराशेजारी मातीचा ढीग आणि खोरं ठेवलं. जाऊन आलं की माती लोटायची. बायकांचे चर वस्तीच्या एका अंगाला, गड्यांचे दुसऱ्या अंगाला, आणि दोन्ही पाण्यापासून लांब, उताराच्या बाजूला. हात धुवायला राखेचं डबडं.

पाण्याचं काम कोण बघणार, असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. टँकर आला की पावडरीची निवळी करायची, टाकीत सोडायची, तासभर नळाजवळ उभं राहून थांबवायचं, मग परीक्षानळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं पडलं की क्लोरिन आहे, म्हणजे पाणी द्यायला हरकत नाही. तिथंही एक म्हातारी म्हणालीच, ‘वास येतुय बाबा.’ मी तिच्यापुढंच पेला भरला, प्यालो, आणि वास कशाचा ते सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘मरण एवढं बघितलं, आता वासाला काय भ्यायचं!’

आम्ही होतो ते तीन आठवडे त्या वस्तीत जुलाबाची साथ आली नाही. ‘माझ्यामुळं आली नाही’ असं म्हणायची मला सोय नाही. ज्या ‘कशावरून’नं मला शहात्तर साली अर्धं सोडलं, तोच इथं माझं श्रेय अर्धं काढून घेतो. आम्ही निघालो तेव्हा भाकऱ्या वाटणाऱ्यांना हार घातले गेले. पाण्याच्या टाकीकडं कुणी आलं नाही. मला वाईट वाटलं नाही. काही घडलंच नव्हतं, त्याबद्दल कोण हार घालणार?

पण तिथून परत आल्यावर मला गप्प बसवेना. त्या दिवाळीत गावी गेलो आणि सुताराच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर दाणे फोडत बसली होती. तिला नंतर दोन मुलगे झाले होते. मी सगळं सांगितलं. बाभळीखालचा खड्डा, रजिस्टर, सही. सांगताना मनात होतं, ती शिव्या देईल, नाहीतर माफ करील. दोन्हींतलं काही झालं की मी सुटेन.

ती बराच वेळ दाणे फोडत राहिली. मग म्हणाली, ‘मला ठावं हुतं की, भावजी. वास यायचा थांबला हुता.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘मीच म्हणले हुते ना, नका घालू म्हणून. तुमच्या पाया पडले हुते. मीच मारली माझी पोर, आसं धरून बसलेय मी. तुमी कवा इकडं फिरकला न्हाईत. मला वाटलं, तुमीबी तसंच धरलंय मनात, की हिनंच अडवलं.’

सतरा वर्षं. तेच ओझं दोन घरांत, एका भिंतीच्या अंतरावर. मी समजत होतो, गप्प राहून मी माझी शिक्षा भोगतोय. खरं तर माझी अर्धी शिक्षा तीच भोगत होती, आणि जिची पोर गेली तिच्यावरच मी ती ढकलून लांबच्या बदलीवर निघून गेलो होतो. शहात्तर साली पाण्याबद्दल गप्प राहिलो, आणि पुढची सतरा वर्षं त्या गप्प राहण्याबद्दलही गप्प राहिलो. पहिल्या चुकीत पाऊस होता, आणीबाणी होती, फुटका कठडा होता. दुसऱ्या चुकीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी म्हणालो, ‘वहिनी, तुम्ही नको म्हणालात हे खरं. पण पाणी नुसतं आहे हे सांगायचं काम माझं होतं.’ तिनं पदरानं डोळे पुसले आणि पोराला हाक मारून चहा टाकायला सांगितला. माफी वगैरे काही बोलणं झालं नाही.

आता मी निवृत्त होऊन गावातच राहतो. वहिनी गेली. जुनी विहीर बुजली. ओढ्याच्या वरच्या अंगाला नवी विहीर झाली. तिचं पाणी टाकीत चढतं आणि तिथून नळानं घरोघरी जातं, बौद्धवाड्यातही त्याच टाकीचं. घराघरांत दोन खड्ड्यांचे संडास झाले. एक भरला की दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यात वास नसलेली भुसभुशीत माती होते. पण मास्तर म्हणून मी जितका आग्रह धरला तितके लोक ते खड्डे स्वतः उपसत नाहीत. बांधून देणाऱ्याच्या नावाची पाटी अजून लागते, आणि उपसणाऱ्याकडं अजून तसंच बघतात. आमच्या भागात गाडगेबाबांचे फोटो घरोघरी आहेत. बाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे, हे सगळे सांगतात. झाडू मात्र फोटोतच राहिलाय.

टाकीवर आता एक तरुण पोरगा आहे. दर सोमवारी सकाळी मी काठी टेकत टाकीकडं जातो आणि त्याला म्हणतो, ‘ओटी करून दाखव.’ सुरुवातीला तो चिडायचा. त्याला वाटायचं, म्हातारा संशय घेतोय. एकदा त्यानं विचारलंच, ‘मास्तर, माझ्यावर इश्वास न्हाई का?’ मग मी त्याला बाभळीखाली नेलं. बाभूळ आता नाही, खड्डाही बुजलाय. जागा दाखवली आणि सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही.

गेल्या महिन्यात पावडर संपली होती आणि तालुक्याहून आली नव्हती. सोमवारी मी पोचायच्या आतच तो दारात उभा होता. म्हणाला, ‘मास्तर, आज पाणी पिवळं पडत न्हाई. मी रजिस्टरात तसंच लिव्हलंय, आन् पाणी उकळून प्या म्हणून दवंडी द्यायला निघालोय.’ गावात त्या दिवशी पुष्कळ जणांनी त्याला शिव्या घातल्या. गॅस काय फुकट येतो का, म्हणाले.

मी चुलीवर पातेलं चढवलं.